जानरावाची एकच चाल

कचरू शिपाई ओसरीवर टेकला आणि पाणी न मागताच म्हणाला, "जानरावभाऊ, फौजदारसाहेबानं बलावलं. आत्ताच. पेटी घेऊन ये म्हणे."

"काऊन?"

"साहेब म्हणे, जानरावाची चाल आपल्या ध्यानात आली."

जानरावानं बशीतला चहा तोंडाऐवजी धोतरावर ओतला. चटका बसला की नाही, हे कळायलाही त्याला वेळ लागला.

बीबी गावापासून साखरखेर्ड्यापर्यंत जानरावासारखा संगीतकार नव्हता. भजनी मंडळाला चाल त्याची, तमाशाच्या फडाला त्याची, उरुसातल्या कव्वालीलाही त्याचीच. लग्नाचा बँड त्यानंच उभा केला, वादकांना निळे डगले शिवले. राज्य नवं झालं तेव्हा शाळेच्या पटांगणात पोरांकडून महाराष्ट्राचं गाणं बसवून घेतलं. जिल्हा परिषदेच्या पहिल्या निवडणुकीत भगवानराव आणि पंजाबराव या दोघांचीही प्रचाराची गाणी त्यानंच केली. भगवानराव पडले. त्या धामधुमीत त्यांचं खिशातलं घड्याळही कुठंतरी पडलं. पण पडलेल्या उमेदवाराचं घड्याळ कोण शोधतो!

एवढं सगळं करून जानरावाजवळ चाल एकच होती.

भजनाला ती सावकाश, लावणीला घाईत, कव्वालीला टाळ्या घालून, मयतीला नाक ओढत. तिच्यात मधेच एक जागा होती. तिथं जानराव भात्यावरचा डावा हात उचलायचा. पेटी दम धरायची, ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटायचे. मग सूर परत यायचा आणि लोक वाहवा करायचे. इतक्या वर्षांत कोणाला काही कळलं नव्हतं.

त्याची बायको गोजरबाई दारात आली. ती त्याच्या पार्टीत झांज वाजवायची.

"मी सांगून राह्यली होती तुम्हाले, चाल बदला," ती हळूच म्हणाली. "एका तालुक्यात एकच चाल किती दिस चालवान?"

"दुसरी येतच नाही मले."

"मंग आता खडी फोडा."

कचरू खदखदून हसला. "वहिनी, गाण्यापायी कोणी खडी फोडते का?"

दुसरं कोणी हसलं नाही.

"थांबा, पेटी जरा पुसून देते," गोजरबाई म्हणाली.

"राहू द्या, साहेब खोळंबला हाय." कचरूनं पेटी उचलली आणि सायकलच्या कॅरियरला बांधली. "लय जड हाय बे! अन् आत खुळखुळते काय?"

"सूर ढिला झाला एक," जानराव म्हणाला. त्याचाही झाला होता.

वाटेत त्याचे पाय चालत होते, बाकीचा जानराव मागेच राहिला होता. कचरू सायकल हातात धरून तीच चाल गुणगुणत होता. दर वेळी ती मधली जागा आली की जानराव दचकायचा.

चौकीत फौजदार एकटेच होते. कोठडीत एक कोंबडीचोर गजांना टेकून बसला होता. फौजदार पुण्याकडचे, बोलणं मऊ. जानरावाला त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटली.

"बस. घाम का आला एवढा?"

"ऊन हाय साहेब."

"उरुसात मी होतो. उत्तमरावांच्या लग्नातही होतो. तिथं वरमायेची अंगठी हरवून रडारड चालली होती, तरी माझं लक्ष तुझ्यावरच. मग म्हटलं, हा माणूस जिथं जातो तिथं एकच चाल खेळतो. खरं की नाही?"

जानरावानं कोठडीकडं पाहिलं. आत अजून एका माणसापुरती जागा होती.

"साहेब, पोटासाठी केलं."

"म्हणजे कबूल?"

"कबूल."

फौजदारांनी टेबलावर जोरात थाप मारली. जानरावानं दोन्ही मनगटं पुढं केली.

"अरे लबाडा!" फौजदार पोट धरून हसत होते. "देवालाही तीच आणि फडातल्या बाईलाही तीच! हात काय पुढं करतोस? एकच चाल सगळीकडं वाजवली म्हणून बेड्या घालायचा कायदा नाही माझ्याकडं."

जानरावाच्या जिवात जीव आला. तो हसायला गेला, पण उचकी लागली.

"मी कोणाला सांगणार नाही," फौजदार म्हणाले. "पण ती मधली जागा मला जवळून ऐकायची आहे. वाजव."

उकाडा होता. फौजदारांनी टोपी काढली, मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली. जानरावानं पेटी त्याच टेबलावर ठेवली. चाल जुनी होती. ती आपली आपण पुढं गेली.

जागा आली. भात्यावरचा हात उठला. फौजदारांचे डोळे मिटले. दारात उभ्या कचरूचेही मिटले.

सूर परत आला. "वाहवा!" फौजदार म्हणाले. कोठडीतला कोंबडीचोर तर उठून उभाच राहिला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "वाहवा, उस्ताद!"

जानराव पेटी छातीशी धरून घरी आला, तेव्हा गोजरबाई उंबऱ्यावरच बसली होती.

"काय झालं?"

"साहेबाले चाल लय आवडली."

तिनं दार लावून पेटीचं झाकण उघडलं आणि वरमायेची अंगठी जरा बाजूला सारली. भगवानरावांचं घड्याळ बंद पडलं होतं. जानरावानं त्याला चावी दिली आणि ते फौजदारांच्या घड्याळावर लावून घेतलं.