पुण्याहून आलेलं डबडं

दामिनीने कम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, कंपनीचं चिन्ह उमटलं आणि काळ्या पडद्यावर काल-परवापासूनची तीच पांढरी ओळ आली: बूट डिव्हाइस सापडलं नाही.

"न्हाईच का?" दारातून सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा."

नागप्पा सुस्कारा सोडून दुकानाकडे निघाले. उदगीरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. सून पुण्याच्या कंपनीत लागली, तीही घरबसल्या, हे त्यांनी निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं. आता गिऱ्हाईक तेल-साखरेआधी मशीनची खुशाली विचारायचं.

नोकरीची अट साधी होती. कंपनीने मशीन पाठवायचं, दामिनीने घरून काम करायचं. सोमवारपर्यंत मशीन सुरू झालं नाही तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर नोकरी दुसऱ्याला. आणि पुण्याचं नाव काढलं की नागप्पांच्या कपाळावरचं भस्म आठ्यांत बुडायचं. मुलगा शिवशंकर तिकडेच चाकणला कारखान्यात. दिवाळीला आणि बसवजयंतीला तेवढा घरी. सूनही गेली तर घर कुणी बघायचं? त्यामुळे लग्न होऊन दोन दिवाळ्या उलटल्या तरी नवराबायकोचा संसार फोनवरच चालला होता.

दामिनी थकली होती. पहाटे उठून भाकरी, धुणं, भांडी, सासूच्या गुडघ्यांना तेल, आणि मग या डबड्यापुढे बसायचं. लातूरला इंजिनिअरिंग करताना तिने असली मशीनं हसतखेळत खोलली-जोडली होती. आता पडद्याकडे बघायचाही तिला कंटाळा आला होता.

दुपारी कंपनीतली पुनम फोनवर आली. बिचारी दिवसभर लोकांची मशीनं फोनवरूनच दुरुस्त करायची. तिचाही आवाज दमलेला.

"सेटिंगमध्ये ड्राइव्हचं नाव दिसतंय का?"

"नाही."

"मग झाकण काढा. आत च्युइंगमसारखी एक छोटी पट्टी असते, तीच ड्राइव्ह. तिच्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. काढून परत नीट बसवा."

दामिनीने स्क्रू काढले, आत पाहिलं, स्क्रू परत लावले.

"सगळं घट्ट केलंय," ती म्हणाली. "तरी तेच येतंय."

"मग ड्राइव्हच गेली असणार. दुसरं मशीन यायला वेळ लागेल हो. सोमवारी ऑफिसला याल का?"

"घरी विचारून सांगते," दामिनी म्हणाली. शेजारी सासू, कमलम्मा, शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येनार," ती पुटपुटली.

कमलम्माचं बोलणं असंच, कुणाला लागलं तर लागो. दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही.

संध्याकाळी नागप्पा खुशीत घरी आले. "सोमेशला सांगितलंय. मोबाइलचं दुकान हाय त्याचं, पन कम्प्युटर बी खोलतंय. उद्या सकाळी येतो म्हनला."

दामिनीने हातातला तांब्या खाली ठेवला. "आप्पा, कंपनीची वस्तू हाय. बाहेरच्या मानसानं..."

"हुशार पोरगं हाय. बघू तर दे."

तेव्हा कमलम्मा बोलली. "बघू द्या की. पन आत नारळाचं पानी निघालं तर त्याला काय सांगनार तुमी?"

नागप्पा थबकले. मशीन आलं त्या दिवशी त्यांनीच त्याला भस्माची तीन बोटं ओढली, हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. अंगणात फोडा म्हणून दामिनी विनवत होती. पण मोटारसायकल असो की पिठाची गिरणी, नागप्पांचा नारळ त्या वस्तूच्या पुढ्यातच फुटायचा. पाणी झाकणाच्या जाळीवर उडालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं.

"त्यानंच बिघडलं म्हनतीस?"

"मला अडानीला काय कळतंय? सोमेश गावभर करंल ते खरं. अन् कंपनीला कळलं तर नुकसानी आपल्याच बोकांडी बसंल."

नागप्पा भिंतीला टेकून बसले. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण पार खजील झाला होता.

"नारळाचं कंपनीला सांगितलं न्हाईस नव्हं?" त्यांनी सुनेला हळूच विचारलं.

"न्हाई, आप्पा."

"सांगू बी नको. सोमेशला मी नको म्हनून सांगतो. तूच मशीन आतून कोरडं पुसून पुन्याला घेऊन जा. शिवशंकर हाय तिथं. नीट होईपर्यंत ऱ्हा."

दामिनीला त्या रात्री झोप लागली नाही.

रविवारी पहाटे कमलम्मा तिच्याआधी उठली. दुखऱ्या गुडघ्यांनी उभी राहून दशम्यांचं पीठ तिनेच मळलं आणि सुनेला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. "तुझी गाडी चुकंल. कपडे भर," एवढंच म्हणाली. दामिनीने पाण्याच्या, मिठाच्या निमित्ताने आत यायचा प्रयत्न केला, पण सासू जागची हलली नाही.

बसस्टँडवर नागप्पांनी मशीनचं खोकं स्वतः उचलून सुनेच्या सीटपाशी ठेवलं आणि सांभाळून न्या म्हणून सांगायला ते कंडक्टरकडे गेले. दामिनीचा चेहरा उतरला होता. काहीतरी मागे राहिल्यासारखं ती सारखी पिशव्या चाचपत होती.

कमलम्माने खिडकीतून दशम्यांचं गाठोडं आत दिलं.

"अव्वा, तेल फळीवर हाय," दामिनी म्हणाली. "रोज लावत जा. तुमचे हाल होतील."

"माझं मी बघते." कमलम्माने नवरा लांब आहे याची खात्री केली आणि खिडकीच्या गजांजवळ तोंड नेलं. "तू जवारीच्या पिठात लपवलेली ती पट्टी मी पुसून दशम्यांखाली ठिवलीय. तिकडं बसवायची लई घाई करू नको."