दोन्ही भाषा कळणारं कुणी

"इतका मार खातात, तर त्या बायका निघून का जात नाहीत?"

हा प्रश्न तिला मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावला होता. वर्गात तिला सगळ्या 'तोफ' म्हणत, आणि तोफेने कच खायची म्हणजे वर्षभर चेष्टा. पण शाळेत बोलायला आलेल्या महिला केंद्राच्या बाई जराही चिडल्या नाहीत.

"तू लग्न करून परक्या देशात आलीस असं समज," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट सासूच्या कपाटात. फोन नवऱ्याच्या नावावर. इथली भाषा येत नाही. माहेरी पाठच्या बहिणीचं लग्न ठरायचंय. दार मात्र सताड उघडं आहे. कुठे जातेस, सांग."

तोफ खाली बसली. असं कधी झालं नव्हतं.

तास संपल्यावर ती बाईंना व्हरांड्यात गाठून म्हणाली, "आमच्या इमारतीत आहे एक. चौथ्या मजल्यावर. हाताला प्लास्टर. सगळ्यांना सांगते, जिन्यात पडले."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"जिना एवढा मारकुटा नसतो."

पुढच्याच आठवड्यात प्लास्टर दाखवायच्या निमित्ताने ती वरची बाहेर पडली, आणि तोफेने तिला थेट केंद्रात नेलं. "तुम्ही विचारा, मी भाषांतर करते," ती ऐटीत म्हणाली.

"तू नाही. ओळखीच्या माणसापुढे बाई अर्धंच बोलते."

बाईंनी दूरच्या शहरातल्या एका दुभाषी बाईंना फोन लावला. पण वरची काही तोफेचा हात सोडेना. शेवटी गप्प बसायच्या अटीवर तोफेला खोलीत राहू दिलं.

"ताई, तुमचं आडनाव मला सांगूच नका," फोनमधून अस्सल आपल्या भाषेतला आवाज आला. "आपल्या लोकांत आडनाव कळायचा अवकाश, कुणाचा तरी मामा निघतो."

वरची किंचित हसली. मग त्या आवाजाने हळूच विचारलं, "आईला कळलं तर काय होईल, ही भीती वाटते ना?"

एवढं पुरलं. ती बोलत सुटली.

पोलीस एकदा आले होते. तिने जिन्यात उभं राहून सुजलेला हात दाखवला, नवरा कशाने मारतो तेही सांगितलं, अगदी सगळं, आपल्या भाषेत. पोलिसांनी दुभाषा म्हणून कुणाला पुढे करावं? सासऱ्याला! मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी तिच्या खांद्यावर मायेने हात ठेवला आणि पोलिसांना, तिला न कळणाऱ्या इथल्या भाषेत, सांगितलं, "म्हणतेय, पाय घसरला. नवरा बिचारा धावत आला म्हणून वाचले." पोलिसांनी लिहून घेतलं आणि गेले. आणि ही रोज खिडकीत उभी. आपण तर सगळं सांगितलं, मग अजून कुणी येत कसं नाही?



"पोलिसांच्या कागदावर 'घसरून पडली' असंच आहे," पोलीस ठाण्यात फोन करून आल्यावर बाई म्हणाल्या. "ते खोटं पाडायचं तर साक्ष हवी. त्या वेळी दोन्ही भाषा कळणारं आणखी कुणी होतं का तिथे?"

वरचीने मान खाली घातली. तिने कुणाचंच नाव घेतलं नाही.

"मी होते," तोफ म्हणाली. "दप्तर घेऊन वर चालले होते. शब्द न् शब्द ऐकलाय."

बाईंनी वही मिटली. "कोर्टात सांगावं लागेल. घाई करू नकोस. घरी बोल, मग ठरव."

"घरचं मी बघते."

वरची त्या दुपारी इमारतीत परतलीच नाही. केंद्राने तिला सुरक्षित जागी हलवलं. प्लास्टरच्या रांगेत संध्याकाळ होतेच, म्हणून तिच्या घरी अजून कुणाला शंका आली नव्हती.

संध्याकाळी आईबाबा चहा घेत होते. तोफेने सांगून टाकलं: एका बाईला नवरा बडवायचा, तिला मी केंद्रात नेलं.

आईने कप आपटला. "असल्याला आधी आत टाकायला हवं. आणि घरात मोठं कुणी नव्हतं का अडवायला?"

"होते की. सासू-सासरे."

"आणि बघत बसले? काय माणसं असतात एकेक." आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "पण धीट गं माझी पोर. कुणावर गेलीये कोण जाणे."

"माझ्यावर, दुसरं कुणावर?" बाबा खुशीत हसले. "वकील लागला तर सांग हो. आपल्या दादाच्या ओळखीचा आहे एक."

"त्या वकिलाची गरज दादालाच पडेल," तोफ उठून उभी राहिली. "आई, बाबा, मी ठरवलंय. वहिनीच्या बाजूने साक्ष मी देणार. दादाने तिला काय केलं तेही सांगणार, आणि बाबा, जिन्यात तुम्ही पोलिसांना काय सांगितलंत तेही."