अडतीस अपूर्ण सामने

बाजूच्या कोर्टावर एकदम जल्लोष झाला आणि ब्रायनी हॅलमनं हातातली रॅकेट खाली टाकली. नुसती टाकली नाही, तर दोन्ही हात वर करून ओरडत ती त्या कोर्टाकडे पळत सुटली. इकडे तिचा स्वतःचा सामना चालू होता. चेंडू जाळ्यावरून आला, तिच्या मोकळ्या कोर्टात टप्पा खाऊन मागच्या कुंपणाला जाऊन थडकला. जाळ्यापलीकडची कॅनडाची उंच मुलगी आ वासून बघत राहिली.

"मिस हॅलम," उंच खुर्चीवरून पंच म्हणाले, "तुमचा सामना इकडे आहे."

लोक खो खो हसले. ब्रायनी कानापर्यंत लाल झाली. व्यावसायिक टेनिसमधला तिचा हा पहिलाच सामना. तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार अशी ती पुढे होती, सर्व्हिसही तिचीच. फक्त दोन गुण हवे होते. घास हातातोंडाशी आलेला, आणि बाईसाहेब निघाल्या दुसरीला मिठी मारायला!

पण तिला दोष तरी कसा द्यायचा? अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या याच कोर्टांवर ती चार वर्षं विद्यापीठाच्या संघातून खेळली होती. तिथे सहा जणी सहा कोर्टांवर खेळतात, जिंकलेल्या सामन्याचा संघाला एक गुण, आणि असे चार गुण झाले की लढत संपली. बाकीचे सामने जिथल्या तिथे सोडायचे. रॅकेट टाकायची आणि चौथा गुण आणणारीकडे धावत सुटायचं. ब्रायनीचा खेळ चिवट, एकेका गुणासाठी वीस-वीस फटके. त्यामुळे तिचा सामना कायम मागे रेंगाळायचा. चार वर्षांत अडतीस सामने अपूर्ण राहिले. मिठी मारायला मात्र ती सगळ्यांच्या आधी पोचायची. संघाच्या विजयाच्या एकूण एक फोटोत तिची पाठ आहे.

तिकडे इंग्लंडात, ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात मासे कापणाऱ्या तिच्या बाबांना तो 'अपूर्ण' शब्द फार टोचायचा. निकाल वाचला की ग्लेन हॅलम फोन लावायचे. "लहानपणी ताटातले वाटाणे अपूर्ण, मग पियानो अपूर्ण, आता हे! पोरी, अर्धा कापलेला मासा कुणी घेतं का गं?"

ती हसायची, पण ते लागायचंच.

आता ते तिच्या पदवीदानाला आले होते, आणि येताना तिच्या जुन्या शाळेचं पत्र घेऊन आले होते. खेळशिक्षिकेची जागा तिच्यासाठी राखून ठेवलेली, सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं. तिला शिक्षिका व्हायचं नव्हतं. तिला खेळायचं होतं. इथल्याच स्पर्धेत कोचनं तिला थेट प्रवेश मिळवून दिला, तेव्हा बाप-लेकीचा सौदा झाला.

"एक सामना," बाबा म्हणाले. "फक्त एक, शेवटपर्यंत खेळून जिंकून दाखव. मग जगभर हिंड, मी हूं की चूं करणार नाही. नाहीतर गुपचूप घरी चल."

म्हणून आज ते डोक्यावर टॉवेल घेऊन पहिल्या रांगेत बसले होते, उन्हानं उकडलेल्या खेकड्यासारखे लालबुंद. पोरीनं रॅकेट टाकलेली बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

तो गुण गेला, पाठोपाठ गेमही गेला. पाच-पाच. ब्रायनी टॉवेल घ्यायला कुंपणापाशी गेली तर पलीकडे मारिसोल उभी. संघातली तिची मैत्रीण. मघाचा जल्लोष तिच्याच विजयाचा होता.

"वेडी आहेस का तू? जिंकले मी, आणि नाचतेस तू!"

"सवय गं."

"सवय घाल चुलीत! परत रॅकेट टाकलीस तर तंगडं मोडीन."

ब्रायनीनं मनाशी ठरवलं. आता शेजारी वीज कोसळली तरी रॅकेट सोडायची नाही.

पुढचा गेम तिनं रडतखडत मिळवला. सहा-पाच. मग सर्व्हिस करत एकेक गुण ओढून आणला, आणि सामना एका गुणावर येऊन ठेपला. बाबा जागेवरून उठले ते खाली बसायचं विसरले.

त्या एका गुणाला किती फटके झाले, देव जाणे. शेवटी कॅनडाच्या मुलीनं चेंडू उंच उडवला, थेट ब्रायनीच्या डोक्यावरून मागे. ब्रायनी पाठ फिरवून जीव खाऊन पळाली. तेवढ्यात जल्लोष झाला. मघाच्या दुप्पट मोठा!

बोटं आपोआप सैल झाली. जित्याची खोड! पण तिनं दात-ओठ खाऊन मूठ पुन्हा आवळली. कुणीतरी कुठेतरी जिंकलं असेल. जिंकू दे बापडं! चेंडू गाठून तिनं तो तसाच जाळ्यापलीकडे भिरकावला, धावत मध्यभागी आली, गुडघे वाकवले आणि पुढच्या फटक्यासाठी तयार उभी राहिली.

चेंडू परत आलाच नाही. कॅनडाची मुलगी जाळ्यापाशी हात पुढे करून उभी होती, आणि हसत होती. ब्रायनीनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. दोन्ही कोर्टं रिकामी. मागे रेषेच्या चांगला वीतभर बाहेर, त्या उंच चेंडूचा ठसा होता.

आणि मारिसोल पळत येत होती, सगळा संघ पळत येत होता, कोच पळत येत होती. त्या सगळ्यांच्या पुढे, दुखऱ्या गुडघ्याचे ग्लेन हॅलम टॉवेल फडकावत सुटले होते.

"शाळेला नाही म्हणून मी कळवतो!" ते ओरडत होते. "पोरी, आता तरी टाक की गं ती रॅकेट!"