नातं नसल्याचं घोषणापत्र

तक्रार निनावी होती, पण सुनावणीची तारीख पक्की होती. बुधवारी सकाळी अकरा वाजता रुचिताला अनुदान कक्षात हजर राहायचं होतं.

"विचारलं तर फक्त नाही म्हण," निलय फोनवर म्हणाला. "एका शब्दाचं काम आहे."

"पण खोटंच ना ते?"

"खोटं कसं? नियमात 'नातेवाईक' लिहिलंय. आपलं अजून कुठे लग्न झालंय?"

निलयला नियम तोंडपाठ असायचे. तीन वर्षांपूर्वी जयपूरजवळच्या सांगानेरच्या कापडछपाई कारखान्यांतलं रंगीत सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या गाळणीसाठी सरकारी संशोधन अनुदान मिळालं. सीतापुऱ्याच्या कॉलेजात शिकवणारी रुचिता मुख्य संशोधक झाली आणि निलयची छोटी कंपनी उद्योग भागीदार. दोघांत नातं नको, ही अट. दरवर्षी दोघांनी आपापलं घोषणापत्र बंद पाकिटात कक्षाकडे द्यायचं. एकानं दुसऱ्याचं पाहायचं नाही.

पहिल्या वर्षी नातं नव्हतंच. दुसऱ्या वर्षी गाळणी काही केल्या चालेना, दोघांचे रविवार टाक्यांपाशी जाऊ लागले आणि व्हायचं ते झालं. चाकसूच्या जत्रेच्या गर्दीत त्यानं विचारलं, ती हो म्हणाली. अंतिम अहवाल गेला की वैशाखात लग्न. तोवर कुणाला कळू द्यायचं नाही, हा निलयचाच आग्रह. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणे. एकत्र फोटो काढू देत नसे. महिन्याअखेरीस नाशिकला आजारी आईकडे जाई, तेव्हा तर फोनही करायचा नाही. आईला नियम काय कळणार, ती गावभर करेल, असं त्याचं म्हणणं. इतका काटेकोर नवरा मिळतोय म्हणून रुचिता मनातल्या मनात मिरवत असे.

"तू सरकारच्या नियमात बसेपर्यंत लग्नाच्या वयातून उठशील," असं तिची आई कुरकुरायची. वडील विमा कंपनीत होते, बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. मुलीच्या लग्नाची बातमी पोटात ठेवून आईचा जीव टांगणीला लागला होता.

घरच्यांशिवाय हे फक्त एकीलाच ठाऊक होतं. प्रयोगशाळेत हाताखाली काम करणाऱ्या आनंदीला. म्हणून तर नोटीस आली तेव्हा रुचिताला फार शोधावं लागलं नाही.

"तू लिहिलंस?" तिनं सरळच विचारलं.

आनंदी काचेच्या नळ्या धूत होती. फौजी घरातली पोर, सहसा नजर चुकवायची नाही. आज मान वर केली नाही.

"हो, ताई. मीच लिहिलं."

"दोन वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस तू. शपथ घेतली होतीस."

"मी तुम्हाला डायरेक्ट बोलले असते, तर तुम्ही ऐकलं असतं?"

"काय ऐकायचं होतं? तुला माझं चांगलं बघवत नाही, हे?"

"कुछ नहीं, ताई. तुम्ही सुनावणीला जा. फक्त फाइल नीट बघा."

रुचिता रागानं तिथून निघाली. घरच्यासारखी मानली आणि हिनं पाठीत सुरा खुपसला. त्या दिवसापासून ती आनंदीशी एक शब्द बोलली नाही.

तक्रारीची वेळही कशी साधलेली. तयार झालेली गाळणी कुठल्या कंपनीनं बनवायची, याची शिफारस मुख्य संशोधकानं करायची असते. रुचितानं ती आठवड्यापूर्वीच दिली होती. तीन कंपन्यांचे अर्ज होते, त्यातली एक निलयपेक्षा कितीतरी अनुभवी. "घरचंच म्हणून मला देऊ नकोस हं," एवढंच निलय म्हणाला होता. म्हणून तिनं त्यालाच दिली.

टोंक रोडवर ऑटोत बसल्यावर मात्र तिचं मन फिरलं. संसाराची सुरुवात एका खोट्या 'नाही'नं करायची? ते तिला जमेना. शिफारस रद्द होईल, पुढची पाच वर्षं अर्जही करता येणार नाही. होऊ दे. निलय दुखावेल, विश्वासघात केलास म्हणेल. ते सगळ्यात कठीण होतं. पण समजावलं की समजेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

कक्षाच्या प्रमुख प्रतिमा मॅडम मूळच्या सांगलीकडच्या, नवऱ्याच्या फौजेतल्या पोस्टिंगमुळे इथे आलेल्या. आडनाव वाचूनच त्या मराठीत बोलू लागल्या.

"बसा हो. चहा घेणार?"

"मॅडम, आधी मला काही सांगायचंय. निलय आणि मी..."

"काही सांगू नका. तक्रार वाचून मला हसूच आलं. म्हणे वैशाखात तुमच्या दोघांचं लग्न आहे."

"मॅडम, ऐका तरी."

"काय ऐकायचं त्यात? बाई पुढे गेली की लोक असलंच लिहितात. मी काय कमी भोगलंय?" त्यांनी कागदावर शिक्का मारला. "तक्रार निकाली. तुमची शिफारस आजच वर पाठवते. गाळणी निलयजींच्या कंपनीला मिळाली म्हणून समजा."

रुचिता पुन्हा सांगायला पुढे सरकली. मॅडमनी फाइलमधली निलयची तीन फोडलेली पाकिटं काढली आणि त्यांतली घोषणापत्रं तिच्यापुढे ठेवली.

"हे खरं म्हणजे तुम्हाला दाखवायचं नसतं. पण प्रकल्प आता संपलाच आहे, तुमच्याही जिवाला स्वस्थता मिळेल. त्या माणसानं एक अक्षर लपवलेलं नाही बघा. कंपनीत निम्मा हिस्सा गौतमीचा, आणि नात्याच्या रकान्यात तिन्ही वर्षं एकच शब्द, पत्नी."