आईंचं गिफ्ट कार्ड

तिसऱ्यांदा मशीनने नकार दिला. "ताई, कार्ड वाचलंच जात नाहीये," काउंटरवरची मुलगी म्हणाली. माझ्या कडेवर लेक नव्या बुटांच्या टाचा आपटत होती.

सासूबाईंनी नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी स्वतः बँकेत जाऊन हे कार्ड आणलं होतं. पैसे काय, मोबाइलवरूनही देता आले असते. पण तुमचं कार्ड चाललं नाही, हे त्यांना सांगायचं कसं?

काउंटरवरच्या मुलीने कार्ड उजेडात धरलं आणि फिस्सकन हसली. "अहो, चिपवर कुंकू लावलंय!" तिने ओढणीने ते पुसलं. या वेळी पावती सरसर बाहेर आली.

मी दुकानातूनच फोन लावला. "आई, कार्डाची पूजा केली होतीत?"

"मग? नवी वस्तू तशीच देतात का कुणी? ते राहू दे, बूट बोटभर मोठे घेतलेस ना?"

घेतले होते.