उफणणीचा पंखा

अंगणात आई टेबलफॅनच्या वाऱ्यावर ज्वारी उफणत होती. अंगदनं तोच पंखा उचलला. "आरं, वारं पडलंय," ती म्हणाली. "माझ्या विमानालाबी वारं लागतं. थांबलं की पडतं ते," त्यानं उडवून लावलं. घरात पंखा लॅपटॉपला जोडून त्यानं डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला. खेळातल्या विमानाचा वेग वाढला की तोंडावरचं वारंही वाढायचं. धारूरचा किल्ला मागं पडला, माजलगावचं धरण आलं. तिथं वारं हेलकावे खायला लागलं, गालावर भुसाही उडाला. किती खरं वाटतंय! तो खूश झाला. विमान उतरवून चष्मा काढला, तर लाईट गेलेली, पंखा बंद; लॅपटॉप तेवढा बॅटरीवर चालू. समोर घामाघूम आई दोन्ही हातांनी सूप हलवत होती. अंगदला मान वर करवेना. "वारं थांबलं की पडतं म्हनला ना," ती धापा टाकत म्हणाली, "उतरला का रं नीट?"