अंगठ्याआड

जंगलात माणसाचं जनावराशी एकच नातं शोभतं, ते म्हणजे अंतर. हे वाक्य व्हर्लिन हॅस्केट उन्हाळाभर कर्ण्यातून सांगायचा आणि ते नीट ऐकू यावं म्हणून लोक चार पावलं पुढे यायचे.

"हात ताठ करा. एक डोळा मिटा. अंगठा उभा धरा. अख्खं अस्वल अंगठ्याआड झाकलं गेलं, तर तुम्ही पुरेसे लांब आहात. नुसता कान दिसला तरी मागे व्हा!"

"माझा अंगठा जाड आहे, काका. मी जरा पुढे गेलो तर चालेल ना?" ओहायोच्या नंबरपाटीच्या गाडीतून उतरलेल्या एकाने विचारलं.

"जा की. फक्त गाडीची किल्ली बाईंकडे देऊन जा. नंतर शोधायला त्रास होतो."

शेजारी उभी असलेली त्याची बायको हसली. माणूस जागच्या जागी थांबला.

समोरच्या कुरणात एक मादी मुळं उकरत होती. तिच्या मागे मागे यंदाचं पिल्लू. पर्यटकांनी तिचं नाव मेपल ठेवलं होतं. व्हर्लिन ते नाव घेत नसे. नाव ठेवलं की माणूस लाडात येतो आणि लाडात आला की जवळ जातो, असं त्याचं म्हणणं होतं. तो तिला 'अस्वल' म्हणायचा.

व्हर्लिन मूळचा नेब्रास्काचा. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्यात गुडघे गेले. उन्हाळ्यात तो इथल्या राष्ट्रीय उद्यानात बिनपगारी स्वयंसेवक म्हणून यायचा, नारिंगी जॅकेट घालून दिवसभर रस्त्याच्या कडेला उभा राहायचा आणि दर दोन तासांनी गुडघ्यांना पेपरमिंटचं उग्र मलम चोळायचा.

"व्हर्लिन, आज तुम्ही कुठल्या वळणावर आहात, ते मला ऑफिसात बसून वासावरून कळतं," उद्यानाची अस्वलतज्ज्ञ तफोया त्याला म्हणायची.

"म्हणजे मला अस्वलाची भीती नाही."

"छे! तुम्हाला खाऊन दिवसभर पेपरमिंटचे ढेकर कोण देणार?"

व्हर्लिनला एका गोष्टीचा मात्र अभिमान होता. सकाळी तो ज्या वळणावर ट्रक उभा करी, तासाभरात ती मादी त्याच वळणावर झाडीतून बाहेर येई. जागा बदलली तरी अंदाज चुकत नसे.

"जन्मभर बस चालवली," तो तफोयाला म्हणायचा. "कोण कुठल्या थांब्यावर येणार, ते मला आधी कळतं."

"ती रस्त्याला का चिकटलीय, माहितेय?" तफोयाने एकदा सांगितलं. "वसंतात तिचं दुसरं पिल्लू एका मोठ्या नराने मारलं. नर माणसांच्या जवळपास फिरकत नाहीत. म्हणून ही माणसांची ढाल करते."

व्हर्लिनने गर्दीकडे पाहिलं. एकजण अस्वलाकडे पाठ करून फोटोसाठी पोट आत ओढत होता.

"यांची ढाल?" तो म्हणाला. "यांच्यापेक्षा नर बरा."

"तेच तर. माणसांना सरावलेल्या अस्वलाचा शेवट ठरलेला असतो."

ऑगस्टमध्ये ते घडलं. गर्दीत रेटारेटी झाली, गाड्यांचे भोंगे वाजले, आणि मेपल पळून न जाता वळसा घालून रस्त्यावर चढली. पिल्लासकट. व्हर्लिनच्या पाठीशी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर येऊन ती थांबली. व्हर्लिनची नजर गर्दीवर होती, त्यामुळे त्याला ते सगळ्यांत शेवटी कळलं. बाकी देशाला संध्याकाळपर्यंत फोनवर दिसलं.

"तुम्ही मारताय तिला!" तो कर्ण्याशिवाय ओरडला. "तुम्ही! एकेक जण!"

एका बाईंना रडू कोसळलं. त्यांनी रडतानाचा फोटो काढून घेतला.

तफोयाने मादीला बेशुद्ध केलं, कानात पिवळा बिल्ला ठोकला आणि पिल्लासह पिंजऱ्यात घातलं.

"डोंगरापलीकडे नेऊन सोडतोय. तिकडे रस्ताच नाही," ती व्हर्लिनला म्हणाली. "पण पुन्हा माणसांजवळ आली, तर..."

"तर काय?"

"तुम्हाला माहितेय, व्हर्लिन."

त्यानंतर तो वळणावर उभा राहिला, पण समोर कुरण रिकामं होतं. लोक विचारायचे, मेपल कुठेय? "तुमच्यापासून लांब," तो सांगायचा. एवढं एक समाधान त्याला पुरत होतं.

सप्टेंबरात हंगाम संपला. उद्यानाच्या फाटकाबाहेरच्या गावात, अगदी टोकाला त्याचं चाकांवरचं घर होतं. नेब्रास्काला निघायच्या आदल्या दिवशी त्याने जॅकेट धुतलं. तीनदा धुऊनही मलमाचा वास जाईना. शेवटी तसंच मागच्या दोरीवर वाळत घातलं.

सकाळी कॉफीचा कप घेऊन तो खिडकीशी आला आणि कप त्याच्या हातातच राहिला.

ती दोरीखाली बसली होती, घराकडे पाठ आणि तोंड झाडीकडे करून. नाक वर, जॅकेटच्या बाहीला लागलेलं. पिल्लू तिच्या आणि घराच्या दाराच्या मधे निवांत झोपलं होतं. कुंपणापलीकडे शाळेच्या बसचा थांबा होता. मुलं यायला थोडाच वेळ होता.

व्हर्लिनने हात ताठ केला, एक डोळा मिटला, अंगठा उभा धरला. अंगठ्याआड पिवळ्या बिल्ल्याचा कान तेवढा झाकला गेला.

"मेपल," तो बंद काचेआडून म्हणाला. मग त्याने फोन लावला.

"गावात?" तफोयाने विचारलं. "बंदूक घेऊन निघते. कुणीतरी जवळ केलंच असणार तिला. ही माणसं सुधारायची नाहीत. किती जण आहेत तिच्याजवळ?"

"एकच," व्हर्लिन म्हणाला.